मौलाचाचांचा गोळ्यांचा डबा

मौलाचाचा गोळी कधी फेकत नसत. कुणी उरलेल्या गोळ्या आणून दिल्या की चष्मा कपाळावर सरकवून पाकिटावरची तारीख वाचायचे आणि मुदत असेल तर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. लातूरला आमच्या क्लासच्या गल्लीत त्यांचं मेडिकल होतं. गल्लीत खोल्या करून राहणाऱ्या सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचं होतं आणि आजारी पडायला कुणालाच सवड नव्हती.

मी देवणीहून आले आणि दुसऱ्याच महिन्यात तापले. रविवारी टेस्ट होती. "घसा दुखायलाय का?" चाचांनी विचारलं आणि डब्यातून अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या काढून दिल्या, फुकट. "ताप उतरला की बंद कर. उरतील त्या आनून दे, दुसऱ्या लेकराला कामी येतील." मी चार घेतल्या, दोन परत केल्या. "शाबास!" म्हणाले. मला तर टेस्टमध्ये पहिली आल्यासारखं वाटलं.

ही सवय त्यांना लातूरच्या भूकंपानंतरच्या छावणीत लागली होती. मदतीच्या खोक्यांतून आलेली सरमिसळ औषधं निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. "एका बाईच्या पायाची जखम लई चिघळली होती बेटा," ते सांगायचे. "गोळ्या संपलेल्या. दोन तंबू पल्याड एकाच्या उशाखाली सहा सापडल्या. पाय वाचला तिचा. तवापासून गोळी फेकायला हात धजत न्हाई." अशा माणसाला काय आणि कसं समजावणार?

पण समजवायला हवं होतं. साध्या सर्दीतापाला या गोळ्या लागतच नाहीत आणि त्या उठसूट खाल्ल्या की जंतू त्यांना जुमानेनासे होतात, हे मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी शिकले. सरांनी पडद्यावर देशोदेशीचे आलेख दाखवले होते. दवाखान्याबाहेर, घराघरांत लोक किती अँटिबायोटिक खातात, वर्षागणिक कुठली रेषा उतरते, कुठली चढते. आपली चढत होती. वर्ग जांभया देत होता आणि मला आमची गल्ली आठवत होती.

त्या सुट्टीत मी चाचांशी बोलायचं ठरवूनच गेले. मला पाहताच त्यांनी गिऱ्हाइकांना थांबवलं. "ही आपली देवणीची पोरगी! तापानं फणफणली होती, माझ्या गोळीवर उठून टेस्ट दिली. आता डॉक्टरीन व्हायलीय!" मग कंबर दुखते म्हणून माझ्यादेखत स्वतःही डब्यातल्या दोन अँटिबायोटिक गोळ्या तोंडात टाकल्या. मी हसले, चहा प्यायले आणि निघून आले. पुढची कितीतरी वर्षं हे असंच चाललं.

मी लातूरलाच नोकरीला लागले आणि एक दिवस चाचा पेशंट म्हणून समोर आले. लघवीतला संसर्ग रक्तात पसरला होता. रिपोर्टमध्ये औषधांची लांब यादी होती आणि जवळजवळ प्रत्येक औषध निकामी. एकच उरलं होतं, ते शिरेतून सुरू केलं. त्यानेही ताप हटेना.

"कोनतंच औषध चालंना का, बेटा?"

मी त्यांच्या पलंगाशी बसले आणि सगळं सांगितलं. गोळ्यांचं, जंतूंचं, डब्याचं.

"आन् ती लेकरं? माझ्याकडून नेलेली?"

मी सलाइनचे थेंब मोजू लागले. मग त्यांनी मान वळवून विचारलं, "तुला कवा कळलं हे?"

"दुसऱ्या वर्षी."

"मंग सांगायचं न्हाई का गं. त्याच दिवशी बंद केलं असतं मी."

तिसऱ्या दिवशी चाचा गेले.

त्यांनी त्याच दिवशी बंद केलं असतं, हे मला त्या सुट्टीतही ठाऊक होतं. चाचांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहिले, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे त्या दुकानात चारचौघांत होणारं माझं कौतुक मला सोडवत नव्हतं.