कव्हर नसलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत. अशा घरात मी सुटे भाग आणून, भिंतीच नसलेल्या उघड्या सांगाड्यावर कॉम्प्युटर जोडला. आई जुन्या साडीचं झालरवालं कव्हर शिवून तयारच. "धूळ बसेल गं!"

मी बटण दाबलं. पंखा गरगरला, स्क्रीन उजळला. प्रत्येक वायर, प्रत्येक स्क्रू, माझी सगळी खटपट उघड्यावर चालू लागली! वाटलं, आपण वस्तू जपायच्या म्हणून झाकतो आणि त्या चालतात कशा, ते बघायचंच राहून जातं.

आई पंख्याकडे बघतच राहिली. मग कव्हर खांद्यावर टाकून तिने गॅलरीतून शेजारच्या वहिनींना हाक मारली, "अहो, या लवकर! आमच्या पोरीने कॉम्प्युटर बनवलाय, आतलं सगळं दिसतंय!"