नवमीची सवाष्ण

हयातीच्या दाखल्याच्या रांगेत आमची ओळख झाली. दोघंही निवृत्त शिक्षक. माझे पहिले यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, ह्यांची बायको जाऊन चार. जिवंत असल्याची सही केली, बाहेर येऊन चहा प्यायलो, आणि वर्षभरात लग्न. लोक म्हणतात, काय गोड! गोड कसलं डोंबल? दमायला होतं हो. साठीत पुन्हा नव्या स्वयंपाकघरात हिंगाचा डबा शोधायचा, आणि विचारायचं कुणाला, तर ह्यांना.

कर्वेनगरच्या त्या घरात ह्यांची नोकरी करणारी मुलगी होती. वाईट नव्हती. पण सहा महिने तिनं मला कशानंच हाक मारली नाही. "ऐकलंत का?" एवढंच. मी बोलून दाखवलं नाही, पण मनाला फार लागायचं. या घरात मी कोण, एवढं एकदा कुणी सांगावं, असं वाटायचं.

पितृपक्षात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. जिचा नवरा हयात आहे, अशी बाई. ती गेलेलीच जेवतेय असं समजून तिला वाढायचं. मी सकाळपासून खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी करत राबले. गुडघ्यांनी जीव नकोसा केला. सवाष्ण म्हणून नारायण पेठेतली, ह्यांच्या पहिल्या बायकोची मैत्रीण येणार होती. साडेबाराला तिचा फोन, "नातीला ताप आहे, जमत नाही."

झालं! सोसायटीतल्या निम्म्या बायका ऑफिसात. खालच्या मजल्यावरच्या म्हणाल्या, "अय्या, मी डाएटवर आहे." पुण्यात सवाष्ण मिळेल एक वेळ, भूक लागलेली मिळायची नाही.

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा." धन्य!

रजा काढून घरी थांबलेली मुलगी उठली. आईच्या फोटोसमोर तिनं पाट मांडला.

"बसा."

"मी? अगं, नऊ वर्षं विधवा होते मी. शास्त्रात बसतं का हे?"

"बाबा हयात आहेत ना? मग झालं तर. वडे गार होतायत."

तिनं मला कुंकू लावलं, ओटी भरली. इतक्या वर्षांत मला कुणी असं पाटावर बसवलं नव्हतं. खिरीचा घास घेतला. आठवले ते माझे पहिले यजमान. त्यांना खीर फार आवडायची. मी लाज सोडून रडले. ती वाढत राहिली.

जेवण झाल्यावर ती वाकून माझ्या पाया पडली. डोकं वर न करताच म्हणाली, "आई, पोटभर जेवलीस ना गं?"

ती कुणाला विचारतेय, ते मला माहीत होतं. फोटोतल्या त्या बाईंना उत्तर देता येत नव्हतं.

"हो गं बाळा," मी म्हणाले, "पोटभर जेवले."