मागून धरलेला शर्ट

त्या दिवशी सकाळी बुद्धभूषण बबिताला मनला, "जाय, त्या झाडापशी उभी ऱ्हाय." आन् तिनं त्याच्या जाकिटाचा मागचा काठ सोडला.

काश्मीरात होते दोघं नवरा-बायको. जानेवारीचा महिना, रस्त्याच्या कडंला गाडी उभी, आन् समोर नजर जाईल तितवर बर्फ. ना बांध, ना पाऊलवाट. बबिताला आल्या दिवसापसून धडकी भरलेली. आपल्या पेडगावची काळी माती कितीबी चिखलाची असूद्या, पाय कुठं जाईल ते आधी कळतंय. हे पांढरं काईच सांगत नव्हतं.

बुद्धभूषण लग्नाचे फोटू काढायचा. नवरा-नवरी मंडपात येताना फोटूवाल्याला त्यायच्या पुढं उलटं चालावं लागतंय. डोळा कॅमेऱ्याला, मागचं काई दिसत न्हाई. धंद्याच्या पहिल्याच साली पोखर्णीच्या एका लग्नात त्यो असाच मागं सरत सरत भाताच्या घमेल्यात जाऊन बसला. सगळं वऱ्हाड हासलं. तवापसून बबिता संग जायची. एका हातात लाईट, दुसऱ्या हातात त्याचा शर्ट, मागून घट्ट. पायरी हाय, वायर हाय, म्हातारी बसलीय, एवढंच बोलायची. त्यो मागं न बघता पाय उचलायचा. बाया चेष्टा करायच्या, बबे, नवरा पळून चाललाय का काय. ती मनायची, पळना का, पडू नये.

चारशे तोंडं फोटूत बसवून बसवून त्याचा जीव इटला. मग थंडीत धुकं पडलं की सकाळी रानात जायचा. एक बाभळ, बाकी समदं कोरं, असा फोटू काढायचा. सरजाबाईनं, त्याच्या मायनं, त्यो फोटू हातात घेऊन लय येळ पाह्यला.

"बाबा, एवढी जागा रिकामी ठिवलीस. एखादी म्हैस तरी उभी करायची."

त्यो हासला. मनला, माय, रिकामंच तर पाह्यजे. बर्फात ह्याच्यापेक्षा लय रिकामं असतंय.

मानवतचा बालाजी त्याच धंद्यातला, जिगरी दोस्त. त्यानं दोघायचं काश्मीरचं ठरवलं. बबिताला भ्या वाटलं ते थंडीचं न्हाई, त्याच्या उलटं चालण्याचं. लेक निकिताला सरजाबाईपशी ठिवलं आन् तीबी निघाली. चार दिवस तिनं जाकीट सोडलं न्हाई. झाड जितकं बारीक दिसंल तितकं त्याला बरं वाटायचं, मनून बर्फातबी त्यो मागंच सरायचा. हाताची बोटं बधीर झाली तरी तिची मूठ उघडली न्हाई.

पाचव्या दिवशी डायवरनं उतरतानाच सांगितलं. त्या काठ्या रवल्यात ना, त्यायच्या पलीकडं जाऊ नका. खाली नाला हाय, वर नुसता बर्फाचा पापुद्रा. बुद्धभूषणनं मान हलवली. बबितानं काठ्या मोजल्या. सात होत्या.

त्यानं दोन-तीन फोटू काढले, पण मन भरंना. समदं पांढरं, एक वाळलेलं झाड, आजून कायतरी कमी पडायलतं. मग त्याची नजर तिच्या लाल शालीवर गेली. एक ठिपका पाह्यजे मनला. संसाराच्या चौदा वर्सांत त्यानं तिचा फोटू कवा काढला नव्हता. ती हमेशा कॅमेऱ्याच्या मागंच.

"तुमाला कोण धरील?" ती मनली.

"मी कुठं हलायलोय. हितंच उभा हाय."

गुडघाभर बर्फातून ती झाडापशी गेली. वळून पाह्यलं तर त्यो एवढासा दिसायलता. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आन् एक पाऊल मागं सरला. मग आजून एक. बालाजी गाडीपशी चहा पेयायलता, पाठ करून.

"अवो, काठी हाय!"

कापसाच्या गंजीत तोंड घालून बोलल्यावानी आवाज तितंच जिरला. तिनं हात वर केला, जोरजोरात हलवला. त्यानंबी हात वर केला, अंगठा दाखवला, झकास मनून. आन् आजून एक पाऊल मागं घेतलं, बराबर दोन काठ्यांच्या मधून.

मग त्यो तितं नव्हता. मोठा आवाजबी झाला न्हाई. पांढरं हुतं तसंच पांढरं.

दुपारी त्याला वर काढलं. तिसऱ्या दिवशी पेडगावला आणलं.

कॅमेरा फुटला हुता, पण आतलं कार्ड शाबूत निघालं. शेवटच्या फोटूत समदं कोरं, एक झाड, आन् हात वर केलेला बारकासा लाल ठिपका. ज्यानं पाह्यला त्यानं मनलं, बबिता निरोप द्यायलीय.

आठव्या दिवशी पुण्यानुमोदनाच्या कार्याला विहारापुढं समदे जमले. बुद्धभूषणचा फोटू खुर्चीवर ठिवला, हार घातला. मानवतहून बालाजी आलता, कॅमेरा घेऊन. सरजाबाईनंच त्याला सांगितलं हुतं, माझ्या लेकाच्या कार्याचे फोटू तूच काढ. बबिता बायांत बसलेली. समदी माणसं एका फोटूत यायला पाह्यजेत मनून बालाजी मागं सरायला लागला. एक पाऊल, दुसरं पाऊल. त्याच्या मागं विहाराच्या पायऱ्या हुत्या.

बबिता उठली. कुणाच्या मांडीवर पाय पडला, कुणाचा पदर ओढला, तिला भान न्हाई. पळत गेली आन् बालाजीचा शर्ट मागून मुठीत धरला.

"पायरी हाय," मनली.

बालाजीनं कॅमेरा खाली घेतला. वंदना सुरू झाली, समदे उभे ऱ्हायले, तरी तिनं शर्ट सोडला न्हाई.