जळगावचं पाणी आणि मॅडमच्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत उपकरणं मोजकी होती, किस्से मात्र वर्षागणिक वाढत गेले. नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या आमच्या कॉलेजात सोनवणे मॅडम स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर पीएच.डी. करत होत्या, मी त्यांचा विद्यार्थी. मुंबईची मोठी माणसं म्हणायची, "जळगावात पेशी जगणार नाहीत." ते आम्ही फार मनाला लावून घेतलं.

*

पहिल्या पेशी मॅडमनी मुंबईहून थर्मासमध्ये आणल्या, रेल्वेत मांडीवर धरून. पाचोऱ्याला शेजारच्या भाऊंनी कप पुढे केला. "ताई, घोटभर चहा द्या ना."

"चहा नाही, कॅन्सर आहे."

जळगावपर्यंत आख्खा बाक मॅडमचा!

*

पेशींना सदतीस अंश लागतात. मे महिन्यात आमची खोलीच त्रेचाळीस! इन्क्युबेटरला तापवता येतं, गार करता येत नाही. आमचे अटेंडंट, भडगावचे नाना, यांनी खिडक्यांना ओली पोती बांधली आणि प्राचार्यांचा कूलर उचलून आणला. प्राचार्य घाम पुसत जाब विचारायला आले.

नाना म्हणाले, "साहेब, तुम्हले झाडखाले बसता येस. त्यास्ले नई."

*

मॅडमचा विषय कॅल्शियम. पेशीच्या आत ते उसळलं की तिला वाढायचा निरोप मिळतो, आणि कर्करोगाच्या पेशीत हे निरोप थांबायचं नाव घेत नाहीत. जामनेरला मॅडमच्या सासूबाईंनी हे नीट ऐकून घेतलं, तळहातावर तंबाखू मळत.

"मग मी चुना सोडू का?"

"चुना नको, आई. तंबाखू सोडा."



*

एकदा मात्र घात झाला. कॅल्शियम काढलेल्या बशीत पेशींची वाढ मंदावायला हवी होती, त्या चांगल्या बहरल्या. महिन्याचं काम वाया. मॅडम रडल्या. काचसामान नानांनी शेवटी नळाखाली विसळलं होतं, आणि आमच्या नळाचं पाणी बादलीवर कॅल्शियमचा पांढरा थर धरणारं. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. मॅडमनी काचसामान शुद्ध केलेल्या पाण्याने विसळून सगळं पहिल्यापासून केलं, आणि या वेळी वाढ मंदावली.

*

तोंडी परीक्षा प्रयोगशाळेतच झाली. मुंबईचे परीक्षक म्हणाले, "पाणी असं क्षारांचं. तुमच्या बशीत कॅल्शियम नव्हतं, हे मी का मानू?" पदवी त्या एका प्रश्नावर अडली.

मॅडम म्हणाल्या, "पाणी रोज नाना तपासतात. नाना, दाखवा."

नानांनी एका परीक्षानळीत आमचं शुद्ध केलेलं पाणी घेतलं, ऑक्झलेटचे थेंब टाकले; कॅल्शियम असलं की त्याने पाणी पांढरं होतं. नितळ. मग साहेबांच्या पुढ्यातल्या पेल्यातलं पाणी दुसरीत ओतलं, तेच थेंब टाकले. पांढरंफेक.

"साहेब, हाई पेशीस्नं पानी. नि हाई तुमनं."

साहेबांनी पेला बाजूला सारला, प्रबंधावर सही केली आणि म्हणाले, "नाना, मला पेशींचं पाणी आणा."