मावशीचा लेथ

माझी मावशी सव्वीस वर्षं एका कारखान्यात तपासनीस होती. टर्नर लोक लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या यंत्रावर, जे भाग कातायचे ते मोजायचे आणि पास करायचे किंवा परत पाठवायचे, हे तिचं काम. केसाएवढी चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही. लेथला मात्र तिला कधी हात लावू दिला नाही. तीनदा तिने बदलीचा अर्ज केला, तिन्ही वेळा फोरमन हसला. "केस अडकतील, बाई. मोजताय ते बरं आहे."

निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात तिने मागच्या खोलीच्या दाराची रुंदी मोजली आणि जाहीर केलं, "इथे लेथ येणार." तिला तळहाताएवढं वाफेचं इंजिन करायचं होतं, सगळे भाग स्वतः कातून.

"या वयात?" काका म्हणाले. मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने खोलीतलं कपाट हलवायला लागले.

जुन्या यंत्रांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. काकांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण दुकानदार बोलत होता त्यांच्याशीच. "साहेब, अगदी नव्यासारखा. रंग तर बघा." काका इमानेइतबारे रंग बघायला लागले.

"रंगाने कातायचंय का?" मावशी म्हणाली.

टूल ज्यावर बसतं ते कॅरेज तिने चकजवळ, म्हणजे कातायची दांडी पकडणाऱ्या जबड्याजवळ आणलं, जेमतेम सरकेल इतकं आवळलं आणि हँडल फिरवत खालच्या लांब बेडवरून दुसऱ्या टोकाकडे सरकवत नेऊ लागली. अर्ध्या वाटेत ते अडकलं. हलेना.

"बेड झिजलाय," ती म्हणाली. "सगळं काम चकजवळ होतं, म्हणून तिथे सैल आणि इकडे घट्ट. यावर कातलेली दांडी एका बाजूला जाड निघणार. तुम्हाला माहीत होतं. म्हणून रंग फासलात."

"घरगुती कामाला चालतंय हो, साहेब."

"साहेबांना काय सांगता? माझ्याशी बोला!" शेजारच्या दुकानातली माणसं डोकावली. "चालतंय, चालतंय! सव्वीस वर्षं हेच ऐकत आले!"

पुढचे दोन महिने असेच गेले. एक लेथ दारातून आत येईना. एकाला कारखान्याची थ्री-फेज वीज लागे. एकाचे आटे पाडायचे गिअरच गायब. तिने काकांना बरोबर न्यायचं बंद केलं, तर दुकानदार विचारायचे, "घरात कोणी पुरुष नाही का?" मावशी घरी येऊन भांडी अशी आदळायची की काका बागेत जाऊन बसायचे.

मग त्या जुन्या फोरमनचा फोन आला; मावशी लेथ शोधतेय हे त्याच्या कानावर गेलं होतं. त्याचे हात आता थरथरायचे, घरचा छोटा लेथ विकायचा होता. ती जाणार नाही असं मला वाटलं. गेली, मलाही नेलं.

लेथ तेलाने माखलेला, रंगाचे पोपडे निघालेले. मावशीने दोन तास तपासला. बेड सरळ होता. फोरमन स्टुलावर बसून होता. शेवटी म्हणाला, "हवं तर शिकवतो."

"आता? तेव्हा मी तिशीत होते. डोळे चांगले होते, हात चांगले होते. तेव्हा काय झालं होतं?"

"वरचे साहेब तयार नव्हते, बाई."

"खोटं! साहेबांना मी स्वतः विचारलं होतं. अर्ज त्यांच्यापर्यंत गेलेच नाहीत."

"नाही गेले," तो म्हणाला. "तुमची नजर मला ठाऊक होती. बाई फोरमनपेक्षा बरं कातते, असं लोक म्हणाले असते."

मला वाटलं, निदान कबूल तर केलं. पण मावशीचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे मला जमलं असतं हे माहीत होतं तुम्हाला! आणि हसत होतात!" तिचा आवाज फाटला. "लेथ नेते मी. बेड सरळ आहे म्हणून. तुमच्यावर उपकार नाहीत आणि तुमचेही माझ्यावर नाहीत."

लेथ सुटा करून घरी आणला. ती एकटीच शिकली. पाच टूल मोडली, एकदा अंगठ्याला टाके पडले. फोरमनचे फोन येत राहिले, ते तिने उचलले नाहीत. "सोडून दे आता," काका एकदा म्हणाले, आणि दिवसभर त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

परवा मी गेले तेव्हा ती इंजिनाचा सिलिंडर कातत होती, पायाशी धातूच्या चिप्सचा सडा. राग गेला का, असं मी विचारलं.

"मागे सर," ती म्हणाली, "चिप्स उडतात."