कडुनिंबाखाली काढलेला फोटो

मंडळींनो, दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्हीही कॅमेरा हाताळता, म्हणून तुम्हालाच विचारतो.

पंचवटीतल्या एका घरचे आजोबा आज पहाटे वारले. फोटो काढला की आयुष्य घटते, या भीतीने ते कधी कॅमेऱ्यापुढे बसले नव्हते. थोरला मुलगा मला म्हणाला, "आता कसली भीती, भाऊ? एक तरी आठवण राहू द्या."

अंगणात ऊन कडक होते. उन्हात डोळ्यांखाली काळे डाग येतात, म्हणून आजोबांना खुर्चीत बसवून ती कडुनिंबाखाली ठेवायला सांगितली. मागे दोघे मुलगे उभे राहिले. सवयीने मी ओरडलो, "कोणी हलू नका!"

"बाबा नाही हलायचे हो," धाकटा रडता रडता हसला.

दुपारी फोटोची काच धुऊन कागदावर प्रत काढली. मुलगे स्वच्छ आले आहेत, धाकट्याच्या गालावरचे पाणीसुद्धा दिसते. फक्त आजोबांचा चेहरा हललेला, पुसट आला आहे.

तोवर गोदावरीच्या घाटावर त्यांना अग्नी दिला गेला होता.

वारा होता, पाने हलत होती. पण सावली तिघांवरही होती.

थोरला संध्याकाळी फोटो न्यायला येईल. मंडळींनो, पानांच्या सावलीने एकट्याचाच चेहरा असा हलतो ना? हो म्हणा.