चाकाआडचा दिवा

धाराशिवात आमच्या वसाहतीत कचऱ्याची गाडी रोज सकाळी गाणे वाजवीत येते. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी एके दिवशी ते गाणे मध्येच थांबले आणि भोंग्यातून सूचना ऐकू आली. मालवाहू वाहने रहिवासी वसाहतीत, घराच्या आवारात अथवा दारापुढे रात्री उभी करू नयेत; केल्यास दंड होईल. मी तुळशीला पाणी घालीत होतो. सूचना संपली, गाणे जिथे तुटले होते तिथून पुन्हा सुरू झाले, आणि माझी दृष्टी आपोआप उत्तरेच्या भिंतीपलीकडे गेली. शेजाऱ्यांचा टेम्पो तिथे उभा होता.

आमच्या उत्तरेस त्यांचे घर. दोन्ही घरांच्या मध्ये छातीएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे त्यांच्या आवारातला फरसबंद बोळ. टेम्पो त्या बोळात इतका नेमका मावे की ताडपत्रीच्या दोऱ्या घासून आमच्या भिंतीचा चुना गेला होता. तेरजवळच्या एका खेड्यातून ती मंडळी शहरात आली. वृद्ध आई, टेम्पो चालविणारा तिचा एकुलता मुलगा, आणि सून. गाव सोडताना गाय विकली आणि टेम्पो घेतला, एवढाच त्यांचा इतिहास मला ठाऊक होता.

त्या मातेला सारी गल्ली आक्का म्हणते, मीही म्हणतो. दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावला की तेच निरांजन घेऊन ती बोळात येई आणि टेम्पोला तोंडापासून मागच्या फळीपर्यंत ओवाळी. मी एकदा कौतुकाने पाहत राहिलो, तेव्हा म्हणाली, "काय बघलाव गुरुजी? गाय व्हती तवा गाईला ववाळीत व्हते. आता दावणीला हीच हाय. दूध न्हाय देत, पर लाथबी मारत न्हाय."

मला त्यात गैर काही दिसले नाही. ज्याच्या आधारे अन्न मिळते त्याला नमस्कार करणे हा आपला धर्मच आहे. खंडेनवमीला त्या टेम्पोची पूजा मीच सांगत असे.

सूचनेच्या दिवशी सायंकाळी दत्ताच्या देवळाच्या पायरीवर विषय निघाला. आमच्यातले एक निवृत्त तलाठी अशा प्रसंगी फार उत्साहात असतात.

"गुरुजी, भोंगा ऐकला ना? ते धूड तुमच्याच भिंतीला टेकलंय. तुम्हीच सांगा त्याला. माझं ऐकत नाही तो. मला म्हणतो, काका, आधी जागेचा सातबारा दाखवा!"

मंडळी हसली. तलाठी स्वतःही हसले, परंतु थोडे उशिराने.

"हसा. आज टेम्पो आहे, उद्या उसाचे ट्रॅक्टर येऊन बसतील. मग गुरुजींनी संध्या कुठं करायची?"

दुसऱ्या दिवशी मी आक्काच्या मुलाशी बोललो. तो चाकांतली हवा पाहत होता. माझे बोलणे पूर्ण होईपर्यंत उभा राहिला, हात पुसले, आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचा शबूद म्या खाली पडू देणार न्हाय. पर मला येक सांगा. मागं येकदा बायपासच्या मैदानात लावली व्हती. सकाळी बघतो तर बॅटरी गायब, डिझेल गायब. ताडपत्रीसुदिक सोडली न्हाय. हितं लावू नका म्हनतेत. मंग कुठं लावू, हे त्या भोंग्यात सांगितलंय का?"

सांगितले नव्हते. 

"दिवाळी हू द्या," तो म्हणाला. "कायतरी बघतो."

हे मी देवळात सांगितले तेव्हा तलाठी म्हणाले, "घ्या! गुरुजी नोटीस द्यायला गेले आणि आशीर्वाद देऊन आले."

दिवाळी जवळ आली. सून बाळंतपणासाठी माहेरी, जळकोटला गेली होती आणि तिथे तिला मुलगा झाला होता. आक्का आणि मुलगा दोघेच घरी. धनत्रयोदशीला दुपारी मी ओसरीवर पोथी घेऊन बसलो होतो. टेम्पो आत येण्याचा आवाज मी रोज ऐकतो. त्या दिवशी तो निराळा वाटला. गाडी भाराने खाली बसली होती. ताडपत्री चारी बाजूंनी आवळलेली. थोड्या वेळाने वारा भिंतीवरून आला आणि मला गंधकाचा वास आला. आमच्या वडिलांकडे एक वैद्य औषधे शुद्ध करीत, तेव्हापासून तो वास मला परका नाही. पोथी बांधून ठेवली आणि भिंतीपाशी गेलो.

"तेरखेड्याहून फटाके आणलेस?" मी विचारले.

मुलाने आधी घराच्या दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाला, "व्हय गुरुजी. मैदानावरचे स्टॉल उद्या उघडत्यात. रातभर तिथं माल ठेवू देत न्हाईत. आजची येक रात. उद्या दिस उगवायच्या आत काढतो."

"आईला ठाऊक आहे?"

"म्हनलं, शेव-चिवड्याची खोकी हायेत. खरं सांगितलं तर ती घरात न्हाय थांबायची, आन् मलाबी थांबू द्यायची न्हाय."

"सांग तिला. तिन्हीसांजेच्या आत सांग. ती रोज गाडीला ओवाळते, हे विसरू नकोस."

"निरांजन काय, ती फिरवून आत नेती," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून बोलला, "सांगतो, गुरुजी. स्टॉलवाल्याला गाठून येतो आन् सांगतो."

तो मोटारसायकलवर निघून गेला. त्याला जे आठवले नाही, ते त्या क्षणी मलाही आठवले नाही. त्या सायंकाळी निरांजनाखेरीज आणखी एक दिवा लागणार होता.

धनत्रयोदशीला प्रदोषकाळी यमासाठी दिवा लावतात. कणकेचा दिवा, तिळाचे तेल, ज्योत दक्षिणेकडे. घरातल्या कोणास अपमृत्यू येऊ नये, यासाठी ते दान. आक्काच्या घरी त्याला आणखी एक नियम होता. दिवा घराच्या दक्षिणेस ठेवायचा, पाठ फिरवायची, मागे वळून पाहायचे नाही, आणि दार लावून दिवा आपणहून शांत होईपर्यंत आत जप करीत बसायचे. "यम येऊन बघतो," असे ती सांगे. "तो बघत असताना आपन त्येच्याकडं बघू न्हाय." त्याच्या आदल्या वर्षी तिने भिंतीवरून मला चिडविलेही होते. "आमच्या दक्षिणेला तुमचंच घर हाय गुरुजी. यम तुमच्या वळकीचा दिसतोय. आमचं येवढं सांगून ठेवा."

तिच्या घराच्या दक्षिणेस आमचे घर होते खरे. परंतु त्याच्याही आधी तो बोळ होता, आणि बोळात टेम्पो.

आमचा दिवा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून मी परतलो. आचमनासाठी ओसरीवर आलो तर उत्तरेच्या भिंतीच्या वरच्या कडेला पिवळसर उजेड हलत होता. निरांजनाचा उजेड फिरतो. हा एका जागी होता आणि खालून येत होता. भिंतीवर हात टेकून मी वाकलो.

वारा सुटला होता, म्हणून आक्काने दिव्याला आडोसा शोधला होता. यमाचा दिवा वाऱ्याने जाणे म्हणजे अशुभ. तिने तो मागच्या चाकाच्या आड, भिंत आणि चाक यांच्या मधल्या सांदीत ठेवला होता. चार वाती. आडोसा उत्तम होता. ज्योत सरळ उभी होती. तिच्यावर हातभर उंचीवर ताडपत्रीचा एक सुटा कोपरा वाऱ्याबरोबर खाली येत होता आणि वर जात होता.

"आक्का!" मी हाक मारली. पुन्हा मारली. दार बंद. आतून जपाचा एकसुरी आवाज येत होता, आणि माझी हाक ऐकून तो अधिक मोठा झाला. दिव्याच्या वेळी दक्षिणेकडून आपले नाव घेणाऱ्यास ती ओ देणार नव्हती.

मी फाटकातून रस्त्यावर, त्यांच्या फाटकातून बोळात गेलो. माझ्या वयात जितके लवकर जाता येते तितके लवकर गेलो. चाकापाशी पोहोचलो तेव्हा प्लॅस्टिक जळाल्याचा वास येत होता. ताडपत्रीचा कोपरा काळा पडून आखडला होता आणि त्याच्या टोकाशी एक तांबडा ठिपका होता. तो मी उपरण्यात धरून चोळला. मग दिव्यासमोर बसलो.

फुंकर घालणे एका श्वासाचे काम होते. ते माझ्याच्याने होईना. एका आईने आपल्या मुलाच्या आयुष्यासाठी लावलेला दिवा, आणि तो ज्याला अर्पण केला त्याचे नाव घेऊन मी आयुष्यभर तर्पण करीत आलो. मी हात जोडले, क्षमा मागितली, आणि दिवा दोन्ही तळहातांवर उचलला. कणीक तापलेली होती. तेल बोटांवर आले. गल्लीच्या दक्षिण टोकाला रिकामा भूखंड आहे. तिथपर्यंत चालत गेलो, दगडांच्या आडोशाला दिवा ठेवला, ज्योत दक्षिणेकडे केली, आणि आक्काच्या घरचा नियम म्हणून मागे न पाहता परतलो.

मुलगा तोवर आला होता. मोटारसायकल तशीच आडवी सोडून तो चाकाजवळ उकिडवा बसला होता. आखडलेला कोपरा त्याच्या हातात होता. त्याने माझी बोटे पाहिली. 

दार उघडले. मोटारसायकलचा आवाज आक्काने ऐकला असावा.

"दिवा कुठं हाय?" तिने विचारले.

"मी उचलला, आक्का. गल्लीच्या टोकाला नेऊन ठेवला आहे. शांत केला नाही."

"उचलला?" ती माझ्याकडे असे पाहू लागली की मी नजर खाली केली. "गुरुजी, तुमी? दुसऱ्या कुनी न्हाय, तुमी? उचलल्याला दिवा यमाला पोचतो का? माझ्या लेकाचा दिवा व्हता तो!"

"आये," मुलगा म्हणाला, "गाडीत शेव-चिवडा न्हाय." आणि त्याने सांगितले.

आक्का टेम्पोपाशी आली. काळा कोपरा बोटांनी चाचपून पाहिला, मग चाकाच्या आड, जिथे फरशीवर तेलाचा गोल डाग होता, तिथे पाहिले.  मुलाला म्हणाली, "गाडी हितनं ने."

"कुठं नेऊ?"

"कुठंबी. माझ्या दारातनं ने. नातवाला आनायचंय मला ह्या घरात."

त्याने टेम्पो मागे घेतला. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायचे तर दक्षिणेकडूनच जावे लागते. मागचे दोन तांबडे दिवे भूखंडापर्यंत गेले आणि वळले. त्या वळणावर मी ठेवलेला दिवा दिसावयास हवा होता. तिथे अंधार होता.

"दिवाबी तिकडं गेला," आक्का म्हणाली, "आन् आता त्योबी तिकडंच."

तो सकाळी परत आला. माल पोहोचला, सण पार पडला, नातू घरी आला. देवळाच्या पायरीवर तलाठ्यांनी नियमाचे पालन झाल्याबद्दल समाधान व्यक्त केले. तेव्हापासून टेम्पो वसाहतीत येत नाही. तो बायपासच्या मैदानात असतो, आणि चोरी होऊ नये म्हणून मुलगा त्याच्या केबिनमध्ये झोपतो. सकाळी येऊन अंघोळ करतो, बाळाला मांडीवर घेतो, अंधार पडला की डबा घेऊन जातो. पूर्वी जे आमच्या भिंतीशी होते ते आता त्याच्या उशाशी आहे.

आक्का दिवेलागणीला निरांजन घेऊन अजूनही बोळात येते. रिकाम्या फरशीवर, जिथे तेलाचे डाग आहेत, तिथे ओवाळते आणि आत जाते. वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही.

काल बोलली. भिंतीपाशी आली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "गुरुजी, उद्या तेरस हाय. औंदाबी त्यानं तेरखेड्याचं भाडं घेतलंय. मैदानातच ठेवनार, आन् तिथंच निजनार. तर इचारायचं व्हतं. दिवा घराच्या दक्षिणेला ठेवायचा, का गाडीच्या?"

मी ग्रंथ काढून बसलो आहे. घर म्हणजे काय याचे उत्तर त्यांत अनेक ठिकाणी आहे, दिशांचेही आहे. जो माणूस घरात झोपत नाही त्याच्यासाठी कुठे दिवा लावावा, हे मला सापडलेले नाही. आज दुपारी टेम्पो क्षणभर आमच्या गल्लीत थांबला, डबा घेण्यापुरता. भाराने खाली बसला होता. ताडपत्री नवी होती आणि चारी बाजूंनी आवळलेली. भिंतीपलीकडे आक्का दिव्याची कणीक मळीत होती. ती मधूनमधून आमच्या ओसरीकडे पाहत होती.